आण्णा नावाचा फोल्डर

"हा काही आण्णांचा आवाज नाही," आई म्हणाली, आणि लगेच म्हणाली की चहात साखर नाहीये. मी साखरेचं आधी ऐकलं. उठलो, स्वयंपाकघरातून डबा आणला, अर्धा चमचा तिच्या कपात घातला, ढवळला, आणि चमचा हातात धरून तसाच उभा राहिलो तेव्हा कुठे पहिलं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. कॉम्प्युटरवर गाणं चालूच होतं. तोच उंच, मोकळा, नितळ आवाज. आण्णांचा आवाज. म्हणजे चहा गाळेपर्यंत जो आण्णांचा होता तो. काय म्हणालीस, मी विचारलं. "शहाडचा राजरत्न आहे तो. आण्णा कुठे असे गायचे?" असं म्हणून तिने बशीत चहा ओतला आणि फुंकर मारून प्यायला लागली. मला वाटलं वयाचा परिणाम असेल. अठ्ठ्याहत्तरीला माणसं काहीही बोलतात, शेजारच्या काकू तर नातवाला दिराच्या नावाने हाक मारतात. पण आईला कालच्या भाजीत मीठ किती होतं तेही आठवतं, त्यामुळे तो आधारही लगेच सुटला. मी गाणं थांबवलं. मग परत लावलं. मग परत थांबवलं. थांबवून काय होणार होतं देव जाणे, पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

आईने हे बोलावं असं काही मी विचारलेलंही नव्हतं. विहार कमिटीच्या साईनाथने मोबाइलवर कार्ड पाठवलेलं, ते मी तिला मोठ्याने वाचून दाखवत होतो. रविवारी सकाळी आमच्या वर्तकनगरच्या विहारात कवी-गायक कालकथित सखाराम यांचा, म्हणजे आमच्या आण्णांचा, माझ्या वडिलांचा, प्रथम स्मृतिदिन, वंदना, पुण्यानुमोदन, आणि त्यानंतर 'त्यांची गीते त्यांच्याच आवाजात'. हे शेवटचं वाक्य माझं. मीच साईनाथला सुचवलेलं. वाचताना मागे गाणं लावलं होतं, वातावरण म्हणून. हौस दांडगी ना आमची. त्या 'त्यांच्याच आवाजात' वरून आई बोलली. वाचलं नसतं तर बोलली नसती, रविवार पार पडला असता, लोक म्हणाले असते, काय गळा होता सखारामचा, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. म्हणजे वाचलं ते बरं झालं की वाईट, हेही मला तेव्हा कळत नव्हतं.

हा कॉम्प्युटर खरं तर दर्शनाचा, माझ्या मुलीचा. ती शिकत असताना घेतलेला. ती लग्न होऊन डोंबिवलीला गेली आणि मशीन माझ्या गळ्यात पडलं. नीला, माझी बायको, त्याला डबा म्हणते. डबा पुसला का, डबा बंद केला का. मी मुदतीआधी नोकरी सोडून घरी बसलो तेव्हापासून मी या डब्यात नांदतो. वागळे इस्टेटच्या एका कंपनीत मी स्टोअरला होतो, उभा जन्म माल लावण्यात गेला. स्टोअरचा एकच नियम असतो. खोकं उघडायचं नाही, लेबल वाचायचं आणि त्या रॅकवर ठेवायचं. उघडून बघायला लागलात तर संध्याकाळपर्यंत एक गाडीही खाली होणार नाही. तीच सवय मी घरी आणली. लाइट बिलं एका फोल्डरमध्ये, दर्शनाचे निकाल एका फोल्डरमध्ये, लग्नांचे फोटो कुणाच्या लग्नाचे त्या नावाने. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन', त्याच्या पोटात आणखी एक 'न्यू फोल्डर', असा पसारा पाहिला की माझं टाळकं सटकतं. नीला म्हणते, अहो, कपाटातले तुमचे कपडे एकदा असे लावा. तिला काय सांगायचं. कपड्यांवर लेबल नसतं.

आणि आण्णांच्या कॅसेटी. त्या कोपरच्या जुन्या खोलीत पत्र्याच्या पेटीत होत्या, आण्णा गेल्यावर खोली रिकामी करताना सापडल्या. माझ्या जन्माच्या आधी आण्णांची गायन पार्टी होती एवढं मला माहीत होतं. कोपर, कल्याण, शहाड, जिथे जयंतीचा मंडप तिथे ही मंडळी बाबासाहेबांची गाणी म्हणायला जायची. पण मी कळता झालो तोवर ते सगळं संपलेलं. एका कार्यक्रमात अंगात ताप असताना ते पहाटेपर्यंत गायले आणि घसा बसला तो बसलाच, असं आई सांगायची. मी ओळखतो ते आण्णा घोगरे होते. खालून 'रव्या' अशी हाक मारली की आधी खाकरल्यासारखं ऐकू यायचं आणि मग माझं नाव. घरात त्यांनी कधी ओळसुद्धा गुणगुणली नाही. डोंबिवलीतल्या एका दुकानदाराने कॅसेटींवरची गाणी पेनड्राइव्हमध्ये भरून दिली, कॅसेटींना बुरशी लागलीय, टाकून द्या म्हणाला, मी हो म्हटलं आणि तिथेच टाकल्या. गाण्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. चार-पाच जणांची पार्टी, कोण कुठलं गातोय कुणी लिहिलेलं नाही. मला लेबल हवं होतं, आणि ते मला सापडलं. या गाण्यांत शेवटच्या कडव्यात नाव येतं. 'सखाराम सांगे, कवाड उघडा, उजेड आलाय दारी.' आलं ना नाव? मग हे आण्णांचं. टाक 'आण्णा' फोल्डरमध्ये. दुसऱ्या कुणाचं नाव आलं की टाक 'इतर' मध्ये. प्रत्येक गाणं शेवटी नेऊन तेवढं कडवं ऐकलं आणि दोन दिवसांत सगळा माल लावून मोकळा झालो. कसा खूश होतो मी तेव्हा.

कडव्यातलं नाव लिहिणाऱ्याचं असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या माणसांत हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण ज्याने लिहिलं तोच गाणार, असं मी धरून चाललो. का धरलं? आता विचार करतो तर काही कारण दिसत नाही. आईला विचारलं, मग आण्णा काय गायचे? ती म्हणाली, दुसऱ्यांची लिहिलेली. स्वतःचं चांगलं गाणं झालं की राजरत्नाला द्यायचे, त्याचा गळा मोठा म्हणून. म्हणायचे, माझ्या तोंडी वाया जाईल. ती हे इतक्या सहज म्हणाली की मला आधी हसू आलं. आणि मग आठवलं, मागच्या आठवड्यात डबा भरत आला म्हणून सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली, आणि मी जागा करायला जे काही नको ते काढलेलं, त्यात पहिला नंबर 'इतर'चा होता. डिलीट केला. मग रिसायकल बिनही रिकामा केला. तो कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो ना, तो ऐकून मला बरं वाटतं, गाडी खाली झाल्यासारखं. हात झटकून मी नीलाला म्हटलेलं, बघ, पट्टी निळी झाली. आण्णा 'इतर'मध्ये होते.

दर्शनाला फोन लावला. ती ऑफिसात होती, हळू आवाजात बोलत होती. काढलेल्या फायली परत येतात म्हणे पुष्कळदा, पप्पा तुम्ही घाबरू नका. मग तिने विचारलं की त्यानंतर त्या डिस्कवर काही भरलंय का. भरलेलं. भाच्याच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ, हळदीपासून पाठवणीपर्यंत, त्यासाठीच तर जागा केलेली. ती म्हणाली, "मग अवघड आहे, पप्पा." संध्याकाळी येऊन तिने काहीतरी प्रोग्रॅम लावला. त्यातून काही तुकडे वर आले, पण गाणं एकही नाही, नुसता खरखराट, आणि एका तुकड्यात माझा भाचा हळद लावून नाचत होता. पेनड्राइव्ह कुठेय, तिने विचारलं. पेनड्राइव्हवर मी गाडीच्या इन्शुरन्सचे कागद भरलेले, आधीचं पुसून. तो दुकानदार? तिने गाडी काढली, जाऊन बघून आली. तिथे आता मोमो मिळतात. आमच्या घराला आग लागली असती तर निदान कुणी आरडाओरडा केला असता. इथे सगळं शांत होतं. पंखा फिरत होता, नीला मटार सोलत होती आणि डब्यात भरपूर जागा होती.

मी त्या 'आण्णा' फोल्डरसमोर बसून राहिलो. गेलं वर्षभर मी हा आवाज कानात घालून फिरलोय. उपवनच्या तळ्याला फेऱ्या मारताना, दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत. एकदा तर चालता चालता मला रडू फुटलं, बाकावर बसावं लागलं. मला वाटलेलं, हे आण्णा. हे माझ्या आधीचे आण्णा, घसा जायच्या आधीचे, कोवळे, कुणाचे बाप नसलेले. आणि त्या आवाजाला मी तोंड दिलेलं. उजवा हात कानाशी, मान किंचित वर, पांढरा शर्ट. असा एक माणूस मी घडवला आणि तो मला आण्णांपेक्षा जवळचा झाला, कारण खऱ्या आण्णांशी माझं बोलणं दूध, भाडं आणि औषधं यांपलीकडे कधी गेलं नाही. आता हा माणूस राजरत्न. मी बाकावर बसून ज्याच्यासाठी रडलो तो शहाडचा कुणी राजरत्न, जो पुढे नागपूरकडे गेला आणि तिकडेच वारला, असं आई म्हणते. ते रडणं कुणाच्या खात्यावर टाकायचं? परत घेता येतं का ते? मी डोळे मिटून घोगरे आण्णा आठवायचा प्रयत्न केला, त्यांची ती खाकरून मारलेली हाक, आणि मला तीसुद्धा नीट येईना. हाक यायची ती राजरत्नाच्या आवाजात. एका चुकीने मी दोन्ही आवाज घालवून बसलेलो.

आणि आई? या फोल्डरमधली तेवढीच गाणी मी तिच्या फोनमध्ये भरून दिलेली, आण्णा गेल्यावर महिन्याभराने. बटण कुठलं दाबायचं ते शिकवलेलं. रोज सकाळी वंदना झाली की ती खिडकीशी खुर्चीत बसते आणि फोन कानाला लावते, स्पीकरवर नाही, कानाला, कुणाशी बोलत असल्यासारखा. वर्षभर. माहीत असून. परक्या माणसाचा आवाज. मी या विचारापाशी आलो आणि थबकलो. मग नको तिथे डोकं जायला लागलं. राजरत्न कसा दिसायचा? घरी यायचा का? आण्णा कामावर असताना यायचा का? त्याचं नाव घेताना ती बशीवर फुंकर का मारत होती? माझी मलाच किळस आली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधलेला, आणि तिचा पोरगा पट्टीच्या वकिलासारखा उलटतपासणी करतोय, तीही मनातल्या मनात. पण विचार हटेना. तिच्याकडे बघितलं तर ती नीलाबरोबर मटार सोलत बसलेली, किडका दाणा निघाला की बाजूला टाकत होती. या बाईबद्दल मला काय माहितीये? लेबल. आई.

शनिवारी सकाळी मी विहारात गेलो, साईनाथला सांगायचं ठरवून. काय सांगायचं ते पाठही केलेलं: कार्यक्रमातला गाण्यांचा भाग काढून टाक, तांत्रिक अडचण आहे. तांत्रिक म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. पण दारातच फ्लेक्स लागलेला. आण्णांचा ओळखपत्रावरचा पासपोर्ट फोटो, फुगवून एवढा मोठा केलेला की कपाळावरचा शिक्काही दिसत होता, आणि खाली लाल अक्षरांत, 'त्यांच्याच आवाजात'. साईनाथ स्टुलावर चढून दोरी आवळत होता. मला बघून खाली उतरला, हात पुसले आणि म्हणाला की कोपरहून, शहाडहून जुनी माणसं येणारेत, त्याने सगळ्यांना फोन केलेत, सखारामकाकांचं गाणं ऐकायला मिळणार म्हणून एक म्हातारे गृहस्थ तर फोनवरच गहिवरले. शहाडहून. म्हणजे पहिली ओळ वाजली की मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणणार, अरे, हा तर आपला राजरत्न. भरल्या विहारात. मी साईनाथला विचारलं, स्पीकर चांगले आहेत ना? तो म्हणाला एकदम कडक. बरं म्हटलं आणि परत फिरलो. घरी येईपर्यंत मला कळत नव्हतं की मी त्याला सांगायला गेलेलो की न सांगायला.

घरी आई खिडकीशी होती, फोन कानाला. मी चपला काढल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. असा मी तिच्या पायाशी कधी बसलेलो ते आठवत नाही. तिने फोन खाली घेतला. मी म्हटलं, तू मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तू विचारलंस कुठे, तू गाणी भरून दिलीस आणि म्हणालास ऐक, मी ऐकते. मी म्हटलं, आई, पण हा राजरत्न आहे हे तुला माहीत होतं, तरी रोज... आणि पुढचं माझ्या तोंडून निघेना. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, लहानपणी मी खोटं बोललो की पाहायची तसं, आणि तिला सगळं कळलं असावं, कारण तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"पुढच्याला कोण ऐकतंय," ती म्हणाली. "मी मागच्यांना ऐकते."

मागे झीलकरी होते. राजरत्न ओळ म्हणायचा आणि पार्टीतले बाकीचे ती उचलायचे. तीन की चार आवाज, टाळ्या, मध्येच कुणाचं तरी खोकणं. मी वर्षभर ही गाणी ऐकली आणि त्यांच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नाही, जसं लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेकडे जात नाही. पण त्यात आण्णा कुठले, मी विचारलं, मला तर सगळे एकच वाटतात. आई म्हणाली, ते असं नाही कळणार, शेवटच्या कडव्याला थांब. मी फोन हातात घेतला, आवाज मोठा केला, सवयीने गाणं शेवटी न्यायला गेलो तर तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. पळवू नको, सगळं ऐक. मग आम्ही सगळं ऐकलं. कितीतरी दिवसांनी मी एक गाणं सुरुवातीपासून ऐकलं. नीला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शेवटचं कडवं आलं. राजरत्नाने उंच उचललं, 'सखाराम सांगे, कवाड उघडा', आणि आईने बोट वर केलं.

"आता बघ. नाव आलं की गप्प बसायचे. आपलं नाव आपणच काय गायचं, म्हणून लाजायचे."

झीलकऱ्यांनी ओळ उचलली. 'सखाराम सांगे', आणि तिथे काहीतरी कमी झालं. मला आधी वाटलं कानाचा भास आहे. मी गाणं मागे घेतलं. पुन्हा. तळाशी एक आवाज होता, जाड, जरा मागे रेंगाळणारा, प्रत्येक ओळीत होता, आणि नाव आलं की निघून जायचा. उरलेले 'सखाराम' म्हणायचे, पातळ, पोकळ. आणि 'कवाड उघडा'ला तो परत यायचा. खाकरल्यासारखा. मी तिसऱ्यांदा मागे घेतलं. नाव जिथे जिथे होतं तिथे मी त्यांना शोधत होतो आणि बरोबर तेवढ्याच जागी ते नव्हते. की मला आता ऐकू येतंय ते आईने सांगितलं म्हणून? उद्या तिने म्हटलं तो टाळ्या वाजवणारा तुझा बाप, तर मला टाळ्यांतही बाप ऐकू येईल. मी ठरवू शकलो नाही. अजूनही नाही. आईला विचारलं, उद्या काय करू. ती म्हणाली, लाव की, त्यात काय, पण सुरुवातीला राजरत्नाचं नाव घे, शहाडची माणसं येतायत. फ्लेक्सचं काय, मी म्हटलं. ती म्हणाली, फ्लेक्स खोटं कुठे बोलतोय.

दुपारी मी डब्यासमोर बसलो. 'आण्णा' या नावावर टिचकी मारली, अक्षरं निळी झाली, आता काय टाइप करतोस म्हणून रेघ लुकलुकायला लागली. 'राजरत्न' टाइप केलं. खोडलं. 'राजरत्न आणि इतर' केलं, आणि त्या 'इतर'वर माझा हात थांबला. तेही खोडलं. नाव रिकामं ठेवून चालत नाही, डबा ऐकत नाही, त्याने आपलं पुन्हा 'आण्णा' करून टाकलं. राहू दे म्हटलं. मग उद्यासाठी आवाज तपासायचा या निमित्ताने ते गाणं परत लावलं. आतल्या खोलीतून आईच्या खुर्चीचा आवाज आला, ती ऐकत होती. शेवटचं कडवं आलं. राजरत्नाने नाव घेतलं, झीलकऱ्यांनी नाव घेतलं, आणि मी नकळत श्वास धरून बसलो, खालून हाक यायची वेळ झाली की बसायचो तसा. नाव संपलं. आण्णा आत आले.